तुमच्यासारख्यांची पुस्तकं

प्रिय भाऊजी,

तुमच्या वैनीचा आशीर्वाद घ्या, जिथं असाल तिथं. पत्र बघून हसू नका. तिसरी शिकलेली बाई हाय मी, ऱ्हस्व-दीर्घ माझ्या वाट्याला आलंच न्हाई. तेजूनं वहीची पानं फाडून दिली अन् म्हणली, "आज्जी, लिही. मी चुका काढणार न्हाई." तवा लिहायले.

कावून लिहायले ते आधी सांगते. न्हाईतर माझं तुमाला ठाऊक हाय, बोलायला निघते घरातलं अन् पोचते चकलांब्याच्या बाजारात! काल आपला बबन माझ्यापाशी येऊन बसला. लेक असून चोरावाणी बसला. म्हणला, "माय, तेजूला तुझ्या गळ्याची शपथ घाल. चित्रं सोड म्हणावं. काकाला घातलतीस तशीच."

भाऊजी, त्याच्या ध्यानात हाय! तवा नऊ-धा वर्षांचं लेकरू होतं ते.

म्या म्हणलं, "उद्या सांगते." तो म्हणला, "त्यात काय सांगायचंय?" म्या म्हणलं, "मला आधी एका माणसाला इचारायचंय." कोणाला ते सांगितलं न्हाई. चार वर्षं झाली तुमाला जाऊन, तुमचं नाव घेतलं असतं तर पोरगं घाबरलं असतं.

तेजू म्हणजे बबनची लेक. तुमी गेले तवा शाळेत होती. आता संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात हाय. उंच झालीय लई. नाक मात्र तुमचं घेतलंय, माझा त्यात काय इलाज न्हाई.

आधी एक आनंदाची गोष्ट ऐका. दोन वर्षाखाली माझे दोन्ही मोतीबिंदू काढले. पट्टी सोडली तवा समोर दवाखान्याची पाण्याची बादली होती. निळी. अहो, काय निळी होती ती बादली! मी बादलीकडं बघून रडायले तर नर्सबाई म्हणली, "आजी, दुखायलंय का?" म्या म्हणलं, "न्हाई गं बाई, निळं दिसायलंय." इतकी वर्षं समदं चहाच्या गाळणीतनं बघितल्यावाणी झालतं, अन् मला कळलंबी न्हाई.

तवा तुमचा हत्ती आठवला. लग्नाच्या घराच्या भिंतीवर दाराच्या दोन्ही अंगाला हत्ती काढायचे तुमी, वर गणपती, बाजूला भाले घेतलेले शिपाई, केळीचे खांब, अन् नवरा-नवरीची नावं. एकदा माझी धुण्याची नीळ चोरून हत्ती निळा केलता. केवढं बोलले मी! "हत्ती कुठं निळा असतो का ओ?" तर तुमी मान वर न करता म्हणले, "पहाटचा असतो, वैनी." जसं काय रोज पहाटं तुमच्या दारात हत्ती बांधलेला!

आता म्हणते, असंल बाई. पहाटचा असंलबी निळा. मी कुठं बघितलाय?

तर डोळे आले अन् मी वाचायला लागले. तेजू सुट्टीला येताना कॉलेजातली जाडजूड पुस्तकं घेऊन यायची. चित्रं काढणाऱ्या माणसांच्या जन्माच्या कथा, मराठीत केलेल्या. आधी नुसती चित्रं बघायला हातात घेतली. मंग बोट ठेवून वाचायला लागले. एका पानाला एका सयपाकाचा येळ जातो म्हणा ना. सूनबाई म्हणती, "आत्याबाई, परीक्षा हाय का?" म्या म्हणलं, "हाय. माझी मलाच हाय."

अन् काय माणसं ओ ती! त्यांची नावं माझ्या जिभंवर बसत न्हाईत, म्हणून मी माझी नावं ठेवली. एक हाय खुर्चीवाला. परदेशातला. ह्या बाबानं जन्मभर त्याच्या मायची एकच खुर्ची काढली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. माय म्हणली असंल, "मेल्या, मला बसू तरी दे!" हे पुस्तकात न्हाई, मी म्हणते. तिकडं बर्फ पडतंय, तर हा गडी अख्खा हिवाळा बर्फात जाऊन बसला. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते बघायला! लोकांनी खोली दिली न्हाई, पोरं दगडं मारायची, मधीमधी दवाखान्यात कोंडून ठेवायचे. अन् त्या खुर्चीचं चित्र छापलंय पुस्तकात. भाऊजी, मी ते पान उघडते अन् आपसूक पाय मागं घेते. वाटतं, कुणी तरी आत्ताच उठून गेलंय, पुन्हा येऊन बसणार हाय. रिकाम्या खुर्चीतनं माणूस दिसतो, ही काय जादू म्हणायची?

दुसरा आपल्याच देशातला. त्याचं नाव खानावळवाला. खानावळीच्या भिंतीवर कोळशानं जेवणारी माणसं काढायचा. मालक आधी शिव्या द्यायचा, मंग ताट वाढायचा. त्या माणसाचं मन बसलं की महिना महिना दार उघडायचा न्हाई. तर एक मैतर रोज दाराखालून भाकरी सरकवायचा. बोलायचा न्हाई, इचारायचा न्हाई, नुसता भाकरी सरकवून दाराबाहेर बसून ऱ्हायचा. ते वाचून मी तोंडावर हात ठेवला. तेजू म्हणती, "आज्जी, तू पुस्तक वाचताना लग्नातल्या बायकांवाणी हात ठेवतीस तोंडावर." ठेवणारच! एवढं दुखणं अंगावर घेऊन माणूस एवढं नाजूक कसं काढतो? मला भाकरी थापताना नुसतं डोकं दुखलं तर भाकरी वाकडी होती.

अन् एक सांगू? वाचता वाचता मला वाटायला लागलं, ही माणसं माझ्या वळखीची हायेत. चार चार दिवस जेवायचं न्हाई, भिंतीकडं तोंड करून पडायचं, मंग एके दिवशी उठून सपासप काढत सुटायचं. हे तर मी माझ्या घरात बघितलंय!

भाऊजी, तुमी सांगितलं कावून न्हाई? जगात तुमच्यासारखी माणसं असतात, त्यांची पुस्तकं निघतात, एवढं तरी सांगायचं. म्हणजे आमी जरा सांभाळून बोललो असतो. पण तुमाला तरी कोण सांगणार? तुमालाबी वाटलं असंल की दुनियेत असा एकटाच मी.

आमी काय काय केलं तुमचं! गावानं बाहेरचं ठरवलं, मी अंगारे लावले, काळा दोरा बांधला. तुमी गुमान हात पुढं करायचे. मंग बरं वाटलं की पुन्हा डबडी-ब्रश. त्या पोळ्याला तुमी वरच्या आळीचा बैल रंगवलता, ध्यानात हाय का? लोक ठिपके मागायचे, तुमी अख्खं चांदण्याचं आभाळ काढलं त्याच्या पोटावर. मालक ओरडला, "बे, हा बैल हाय का अमावस्या?" समदी मिरवणूक हसली. पण मंग बघा, त्यानं त्या बैलाला धुतलं न्हाई. महिनाभर आभाळ घेऊन वखर ओढला त्या बैलानं. मीच आल्या-गेल्याला तो बैल दाखवायचे. तुमचे भाऊ म्हणायचे, "लोकाच्या बैलाला नावाजतेस, अन् ह्याला रागावतेस." खरंच होतं त्यांचं.

आता ती गोष्ट. लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

शालनचं लग्न. दोन घरं सोडून राहायची, दहावीला पहिली आलेली पोर. तिच्या वडलांनी तुमाला भिंत सांगितली. तुमी दोन दिवस पडद्याआड काम केलं. हळदीच्या दिवशी पडदा काढला. हत्ती न्हाई, शिपाई न्हाई. नुसती एक नवरी. पाठमोरी. शालू निळा. मान जराशी वळलेली, एक डोळा तेवढा दिसायचा, अन् तो डोळा मांडवाकडं न्हाई, रस्त्याकडं बघत होता.

लिंबागणेशाहून नवऱ्याकडची आलती. वरमाय म्हणली, "ही पोरगी घरात यायली का घरातनं चाललीय?" मंग जो कालवा उठला! अपशकुन म्हणले, सोयरीक मोडतो म्हणले. शालनचे वडील काठी घेऊन आपल्या दारात. "तुमच्या येड्याला आवरा!" तुमचे भाऊ खाली मान घालून उभे.

म्या चुन्याची बादली उचलली. माझ्या हातानं त्या नवरीवर दोन हात मारले. पहिल्या हाताला तो डोळा दिसतच होता, म्हणून दुसरा मारला. अन् अंगणात समद्यांच्या म्होरं म्हणले, "भाऊजी, पुन्हा ब्रश हातात धरला तर माझं मेलेलं तोंड बघाल."

तुमी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "बरं, वैनी." रॉकेलनं एक एक ब्रश धुतला, पुसला, फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. शेजारणीचं भांडं परत करावं तसं.

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. पंचवीस वर्षं मी चारचौघीत सांगायचे, की माझ्या एका शब्दानं माझा दीर सुधारला. तुमी गेवराईला जिनिंगवर जायला लागले, केसात कापूस घेऊन घरी यायचे. पडून राहणं काय सुटलं न्हाई, पण आमाला वाटलं, थकवा असंल. एकदा परातीत पीठ पसरलेलं होतं अन् तुमी बोटानं त्यात कायतरी काढायले होते. मी आले तशी तुमी परात हलवली. म्हणले, "ब्रश न्हाई धरला, वैनी. बोट हाय." मी हसले! अहो, मी हसले अन् त्याच पिठाच्या भाकरी केल्या. काय काढलतं, ते बघितलंसुदिक न्हाई.

आता तिसरं पुस्तक ऐका. एक बाई. तिचं नाव मी बीटवाली ठेवलंय, कावून ते पुढं सांगते. लहानपणापासून चित्रं काढायची, मन थाऱ्यावर नसायचं. भावाच्या घरी राहायची. तर एक्याऐंशी नंबरच्या पानावर लिहलंय, तिच्या भावजयीनं तिच्या भल्यासाठी रंगाची पेटी चुलीत घातली. बस. एवढंच. भावजयीचं नावबी दिलेलं न्हाई. पुढच्या ओळीत दुसराच विषय.

माझं बोट तिथंच ऱ्हायलं.

चार दिवस पुस्तक उघडलं न्हाई. तेजूनं इचारलं, "आज्जी, पुस्तकाशी भांडण झालं का?" म्या म्हणलं, "ह्याच्यात मी हाय गं." अन् तिला समदं सांगितलं. कधीच सांगितलं नव्हतं. पोरीनं ते पान काढून बघितलं. मंग म्हणली, "आज्जी, तू शपथ सोडवली न्हाईस?"

आपल्यात शपथ घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणावं लागतं. दुसऱ्यानं म्हणून भागत न्हाई. एक शब्द तर होता, भाऊजी. तुमी शेवटची आठ-धा वर्षं ओट्यावर रिकामे बसायचे, मी समोर शेंगा फोडायचे. कधी पण म्हणता आलं असतं. सुचलंच न्हाई! शपथ घातलेली मला आठवायची ती फुशारकी मारायला.

अन् तुमच्यावर रागबी हाय माझा. त्या बीटवालीनं पेटी गेल्यावर काय केलं ठाऊक हाय? बीटाच्या साली, चहाचं पाणी, चुलीतली राख घेऊन उशीच्या अभ्र्यांवर काढत सुटली. आज ते अभ्रे काचंत लावून ठेवलेत म्हणं. ती थांबली न्हाई. तुमी कावून थांबले? माझा शब्द एवढा कावून मोठा धरला? एक डाव मोडून बघायची होती शपथ. मी काय मरत होते का? बघा की, अजून मेले न्हाई!

दिवाळीला शालन माहेरी आलती. केस पिकलेत तिचे, दोन लेकरं कामाला लागलीत, बरं चाललंय. मी मुद्दाम गेले. म्हणलं, "शालन, ती भिंत आठवती का गं?" ती म्हणली, "काकू, घरात बारा माणसं होती. तुला लग्न करायचंय का, असं एकानंबी इचारलं न्हाई. तुमच्या भाऊजींनीपण इचारलं न्हाई, पण त्यांनी बघितलं. भिंत उघडली अन् मला वाटलं, चला, एकाला तरी ठाऊक हाय. तुमी चुना मारायल्या तवा मी खिडकीतनं बघत होते."

म्या म्हणलं, "राग हाय का गं माझा?"

"हाय की," म्हणली. अन् हसली. "पण चहा घेऊन जा."

भाऊजी, ती शिकलेली माणसं पुस्तकात जे पानंच्या पानं लिहितात, की अमक्यानं माणसाच्या आतलं काढलं, ते तुमी आपल्या आळीत काढलं होतं. दोन हात चुना देऊन मी ते झाकलं.

थांबा. बबन आलाय. दाराशी चपला काढायलाय. त्याला जबाब देऊन येते.

आले. सांगते काय झालं ते.

त्याचंबी चुकत न्हाई. तेजू सुट्टीला आल्यापासून दोन आठवडे जेवणावर ध्यान न्हाई तिचं. एका बैठकीला काढती, फाडती, रडती. खोलीतनं बाहेर येत न्हाई. तो म्हणला, "माय, काकाचं रगत हाय ते. मला भ्या वाटतंय. कॉलेज गेलं उडत, मला माझी लेक जिती पाहिजे. तुझी शपथ ती मोडणार न्हाई." बोलता बोलता बापय माणूस रडायला लागला.

म्या म्हणलं, "बबन, मोडणार न्हाई म्हणूनच घालणार न्हाई."

"म्हणजे?"

"काकाला शपथ घातली तवा मला वाटलं, दुखणं ब्रशात हाय. ब्रश गेला, दुखणं घरातच ऱ्हायलं. अन् तुझा काका त्याच्यासंग एकटा ऱ्हायला, हातात काहीच न्हाई."

त्यानं डोळे पुसले. मंग म्हणला, "अन् मंग करायचं काय? बघत बसायचं?"

"बघायचंच हाय. ती पुस्तकातली माणसं चित्रानं मेली न्हाईत रे. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. तिला बीडला घेऊन जाऊ, मनाच्या डॉक्टरला दाखवू."

"लोक काय म्हणतील?"

"माझे डोळे दाखवले तवा काय म्हणले? ह्याला पण तसंच समज. कॉलेज चालू ऱ्हाईल, रंग चालू ऱ्हातील, अन् ताट मी वाढीन. ती बोलली न्हाई तर मी बोलीन. मला कुठं बोलायला माणूस लागतं?"

तेवढ्यावर हसला जरा. आतनं तेजू ओरडली, "समदं ऐकू यायलंय मला!" म्या म्हणलं, "ऐक मंग! सोमवारी यायचंय दवाखान्यात!" ती म्हणली, "येते." एवढंच. पण म्हणली, भाऊजी. तिच्या आवाजावरचा केवढा भार उतरला म्हणून सांगू! पोरगी कुणी इचारायची वाटच बघत होती जणू. बबन म्हणला, "सोमवारची गाडी सांगतो."

तर झालं. तुमाला इचारायचं होतं, पण लिहिता लिहिताच जबाब मिळाला. आता तुमचं-माझं उरलं तेवढं.

भाऊजी, शपथ सुटली. मी घातलती, मीच सोडवते. सुटली, सुटली, सुटली. लई उशीर झाला, मला ठाऊक हाय. मेलेल्या माणसाला पोचती का न्हाई ते कुणाला इचारू? पुस्तकात तसं काही लिहलेलं न्हाई. तिकडं रंग मिळत असतील तर धरा हातात. मिळत नसतील तर ज्याच्या घरात नीळ असंल त्याची चोरा. वैनी बोलणार न्हाई.

अन् वचन देते. मी जिती हाय तवर ह्या घरात कुणाच्या हातातनं रंग काढून घेणार न्हाई, अन् रंगवणाऱ्याला एकटंबी सोडणार न्हाई. मला आवडलं न्हाई तर आवडलं न्हाई म्हणीन, तेवढा हक्क हाय माझा. पण पुसा म्हणणार न्हाई.

तेजू बाहेर आलीय. समोर पाट मांडून बसलीय अन् म्हणती, "आज्जी, हलू नको, तुला काढायलेय." म्या म्हणलं, "दात न्हाईत गं मला." म्हणती, "मला दिसतंय." आता बघा, मी अन् न हलता बसायचं! एवढी सजा तर तुमीपण दिली नसती. पण बसते. आता लिहायचंबी बंद, मान हलती म्हणती.

तुमची,
वैनी